आकडा बदलणे

मी आकडा बोलतोय. वहीतला नव्हे, केसांतला. वाकडा असलो तरी घराणं चांगलं. आईने लेकीला लग्नात दिलेल्या जोडीतला मी एक.

त्या लेकीचा, म्हणजे माझ्या मालकिणीचा, नवरा एका लहानशा धावपट्टीवर मेकॅनिक. त्याची धाकटी बहीण तिथलंच दोन आसनी विमान उडवायची. एका सकाळी त्याला दिसलं, की विमानाच्या शेपटीतल्या दांड्याच्या बोल्टची पिन तुटलीय. हाच दांडा विमानाचं नाक वर उचलतो. नवी पिन संध्याकाळी येणार होती. मी त्याच्या खिशात होतो, कारण घरून निघताना त्याने माझ्याने कान कोरला होता. त्याने मला बोल्टमध्ये खुपसलं, नोंदवहीत मागे राहणाऱ्यांसाठी ‘आकडा बदलणे’ असं लिहिलं आणि तो आठवडाभर रजेवर गेला.

तिथला कारकून मोठा आज्ञाधारक. त्याने वहीतल्या एका तिनाचा आठ केला आणि समोर ‘बदलला’ लिहून सही ठोकली. परतल्यावर ती सही पाहून मेकॅनिक निर्धास्त झाला. मी सहा वर्षं तिथेच.

तिकडे मालकिणीने माझ्यासाठी घर पालथं घातलं. त्या सकाळी नणंद घरी येऊन गेली होती, म्हणून संशय तिच्यावर. आईने दिलेला आकडा आपणच विमानात घालवला, हे बायकोला सांगायची मेकॅनिकची हिंमत झाली नाही. दोघींचं बोलणं बंद झालं. समोरासमोर बसूनही ‘दादा, तुझ्या बायकोला सांग’ असा कारभार चालायचा. मला फार वाईट वाटायचं, पण शेपटीतून कोण ऐकणार?

गेल्या महिन्यात विमान उतरताना मी गंजून तुटलो. बोल्ट निसटला, दांडा लोंबकळू लागला. नणंदेने विमान चालवायची कांडी पोटापर्यंत ओढली, तरी नाक वर येईना. माझी पाचावर धारण बसली. सहा वर्षं मी तिच्याच पाठीशी होतो. विमान नाकावर आपटलं आणि गवतात घसरत जाऊन थांबलं. नणंद मनगट मोडून घेऊन, पण चालत बाहेर आली.

चौकशीच्या साहेबांनी माझा उरलेला अर्धा भाग चिमट्यात धरून हे काय म्हणून विचारलं. कारकुनाने लगेच वही उघडून दाखवली, आकडा वेळेवर बदललेला आहे म्हणून.

मेकॅनिकने मान खाली घातली. “केसांचा आकडा आहे, साहेब. मीच घातला होता.”

नणंदेला सोबत म्हणून आलेली मालकीण पुढे झाली आणि चिमट्यातला माझा तुकडा निरखू लागली.

“वहिनी, मी चोरला नव्हता,” नणंद म्हणाली. “पण सहा वर्षं वापरला मीच.”

मोडक्या हाताने तिला केस बांधता येत नव्हते. मालकिणीने स्वतःच्या अंबाड्यातला माझा जुळा भाऊ काढला आणि तिच्या केसांत खोचला. मग दोघी पोटभर रडल्या.

मेकॅनिकचा परवाना गेला. मी पुराव्याच्या पाकिटात आहे. चौकशी संपली की मला घरी पोचवायचं ठरलंय, आणि साहेबांनी तसं वहीत लिहूनही ठेवलंय: ‘आकडा परत करणे.’

काल कारकुनाने ते वाचलं आणि त्या आठाचा परत तीन केला. कुणीतरी त्याला समजावा हो, मला घरी जायचंय.