चुलीपाशी वाळलेली हर्ली

मी हर्ली बोलतेय, चेंडू टोलवायची लाकडी काठी. आज गाई हाकते म्हणून मला साधी काठी समजू नका. छोटा चामडी चेंडू माझ्या पात्यावर तोलत फियाक्रा लूबी मैदानात धावायचा, तेव्हा आमच्या टिपररी काउंटीतलं हे अख्खं गाव कुंपणाला टेकून श्वास रोखून उभं राहायचं.

मॅलाकी टूही या म्हाताऱ्या कारागिराने मला अ‍ॅशच्या झाडाच्या बुंध्यातून काढलं. मुळापाशी खोड वळतं ना, तिथलं माझं लाकूड. त्याच फळीतून माझी जुळी बहीण निघाली, बोटभर आखूड. ती फियाक्राच्या थोरल्या बहिणीने, ग्रॉन्याने घेतली. तीही खेळते, आणि खरं सांगू का, भावापेक्षा डोकं ठेवून खेळते.

"आगीपासून लांब ठेव हिला. गोठ्यात बरी," मॅलाकीने फियाक्राला बजावलं होतं. "फार वाळली की तडकते."

"हो हो, कळलं," म्हणत पोरगं मला हवेत फिरवतसुद्धा होतं.

सोळाव्या वर्षी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या संघाच्या निवडीत त्याला घरी पाठवलं. हातात कसब आहे, अंगात दम नाही, म्हणाले. पठ्ठ्याने ते मनाला लावून घेतलं. दिवसभर विजेच्या तारा ओढायचं काम शिकायचा आणि संध्याकाळी घराच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचा. आई नुआलाने शेवटी ती भिंत रंगवायचाच नाद सोडला. आमच्या खेळात कुणाला पगार नसतो, पण काउंटीचा निळा-पिवळा शर्ट मिळावा म्हणून माणसं झुरतात. वीस वर्षांखालच्या संघासाठी यंदा त्याची शेवटची संधी होती, आणि रविवारच्या सामन्याला निवड करणारे येणार होते.

शनिवारी पावसात सराव झाला. माझी मूठ चिंब भिजली होती. "उद्या हात सटकायला नको," असं पुटपुटत त्याने मला स्वयंपाकघरात, धगधगत्या चुलीला टेकवून ठेवलं. मला ओरडता आलं असतं तर सगळं घर जागं केलं असतं. सकाळपर्यंत पात्यावरच्या पत्र्याच्या पट्टीखाली काहीतरी तडकलं. पट्टीमुळे ते कुणाला दिसलं नाही.

सामन्यात प्रत्येक फटक्याला ती चीर पुढे सरकत होती. फियाक्राचा चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवरून गेला, गुण मिळाला की लोक नाचत आणि मी आतून थरथरत असे. कुंपणावरून बार्टी म्हातारा खिजवत होताच, "अरे लूबी, हर्ली आहे की कालथा?" मग एका धिप्पाड बचावपटूची काठी माझ्यावर आदळली आणि माझ्यातून भलताच आवाज निघाला.

ते ग्रॉन्याने ऐकलं. काठी मोडली की बाहेरून दुसरी फेकायची, ते काम तिचं होतं. पण फियाक्राची जादा काठी एका सोबत्याने आधीच मोडली होती. तिच्यापाशी उरली होती फक्त तिची स्वतःची.

शेवटचं मिनिट. गुण बरोबरीत. फियाक्राला मोकळा फटका मिळाला. निवड करणारे दोघे टोपीवाले पुढे वाकले.

"फियाक्रा, ती तडकलीय! टाक ती!" ग्रॉन्या ओरडली.

"गप गं! माझ्या हाताला बसलेली आहे ही. हिच्याशिवाय मला जमत नाही."

"जमिनीवर आपट आणि ऐक, गाढवा!"

त्याने मला जमिनीवर आपटलं. मला त्याच्या हातातून सुटायचं नव्हतं हो. शेवटचा मान माझाच, असं फार वाटत होतं. पण लबाडी मला जमत नाही. एरवी मी ठण्ण वाजायचे, त्या दिवशी भद्द वाजले. पोराने ग्रॉन्याच्या काठीकडे पाहिलं.

"तुझी आखूड आहे!"

"मग जरा वाक की!"

पंच घड्याळ बघत होता. माझी बहीण हवेतून आली आणि मी गवतात पडले. तिथून मला फक्त बूट दिसत होते. त्यातले दोन गुडघ्यांत वाकले. ठण्ण! अगदी माझाच आवाज. मग इतकी शांतता पसरली की मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात गोलखांबाजवळ गुणाचा पांढरा झेंडा वर गेला आणि बार्टी म्हातारा कुंपण ओलांडून धावत सुटला.

बुधवारी निवडीचा फोन आला. फोन ठेवताच ग्रॉन्याने हात पुढे केला. "आता माझी काठी दे."

"ही नाही देणार."

"चोरा! मग मॅलाकीकडून नवी आण. नाहीतर चुलीची गोष्ट त्याला सांगेन."

मुकाट्याने आणली त्याने.

मी आता नुआलाबाईंबरोबर गाई हाकते. काउंटीच्या सामन्याला निघताना फियाक्रा गोठ्यात येतो, मला फरशीवर एकदा आपटतो, माझं भद्द ऐकून घेतो, आणि मग माझ्या बहिणीला आपटून तिचं ठण्ण. दोन्ही ऐकल्याशिवाय तो घर सोडत नाही.

सामन्याहून आली की ती माझ्याशेजारीच उभी असते. लूबींकडे कधी आलात आणि तिची मूठ ओली दिसली, तर कौतुकाने स्वयंपाकघरात नेऊ नका. राहू दे तिला इथेच, माझ्याजवळ.