बेगमचा खुंटा

मी एक जुना खुंटा आहे. मित्रांनो, एवढ्यावरच पान उलटावंसं वाटलं तर खुशाल उलटा. मला उलटणं मात्र चाळीस वर्षं कुणाला जमलं नव्हतं. खुंट्याची गोष्ट ती काय असणार, असं तुम्हाला वाटेल. बैल पळतो, घोडा पळतो, म्हणून त्यांच्या गोष्टी होतात. जो जागेवर थांबतो त्याला कोण विचारतो? म्हणून माझी मीच सांगतो.

माझा जन्म संगमेश्वरकडच्या डोंगरात, ऐनाच्या झाडात झाला. त्या झाडाचे वासे झाले, खांब झाले, एका घराची दारं झाली. मी उरलो. धोंडू सुताराने मला हातात फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "ह्याचा दुसरा काय नाय व्हायचा. खुंटाच होईल." एखाद्याला हा अपमान वाटला असता. मला तो आशीर्वाद वाटला. आयुष्यात आपण काय होणार हे इतक्या लवकर आणि इतक्या फुकट फार थोड्यांना कळतं.

रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला, चढणीवर, माझा आताचा मालक गनी, त्याच्या वडिलांचं घर होतं. त्यांना सगळे बावा म्हणत. त्यांनी गोठ्याच्या जांभ्या दगडात पहारीने खड्डा पाडला. जांभ्यात खड्डा पाडताना माणूस थकतो, पहार थकते, फक्त जांभा थकत नाही. मग मला त्यात अर्धा उतरवून भोवती दगडाच्या कपच्या ठोकल्या. तेव्हापासून अर्धा मी दगडात आणि अर्धा जगात.

बावांकडे बारक्या नावाचा बैल होता. नाव लहानपणी ठेवलं होतं, नंतर बदलायचं राहून गेलं. एकदा शेजारच्या वरातीत फटाक्यांची माळ लागली आणि बारक्या असा उसळला की दावं तटकन तुटलं, गोठ्याचं दार मोडलं, आवारातली पाण्याची मोटर आडवी झाली. मी होतो तिथेच होतो. बावांनी बैलाला शिव्या दिल्या आणि मला थोपटलं. खुंट्याला थोपटताना तुम्ही कधी कुणाला पाहिलंय? नाही ना? मग मी उगाच फुशारकी मारत नाही, हे ध्यानात घ्या. पुढे पाहुणे आले की बावा आधी मला दाखवायचे, मग आंबे.

मग दिवस फिरले. बावा गेले. गनी कुवेतला एका शेखच्या तबेल्यात कामाला लागला. बैल विकले गेले, काही वर्षांनी म्हैसही. मुलगी नबीला लग्न होऊन मुंब्र्याला गेली. घरात गनीची बायको आसिया एकटी राहिली आणि गोठ्यात मी. कुवेतहून येणाऱ्या खोक्यांची नायलॉनची दोरी माझ्या गळ्यात बांधून आसिया तिच्यावर कपडे वाळत घालायची. ज्याने बारक्याचा हिसका पेलला त्याने आता दुपट्टे धरायचे! पण मी तक्रार केली नाही. एक दुपट्टा खाली पडू दिला नाही.

गेल्या वर्षी गनी कायमचा परत आला. परत येणारे लोक सोनं आणतात, गाडी घेतात, घरावर मजला चढवतात. गनीने घोडी घेतली. वीस-बावीस वर्षं दुसऱ्याच्या घोड्यांना खरारा करून झाल्यावर माणसाला एकदा आपल्या घोडीला खरारा करावासा वाटणार, हे मला समजतं. आसियाला समजत नव्हतं.

"नाव काय तिचं?" तिने विचारलं.

"बेगम."

"ह्या घरात बेगम एक हाय. दुसरी नको."

म्हणून घोडी घरी आली नाही. ज्याच्याकडून घेतली त्या झुबेरच्या पागेतच महिन्याचे पैसे ठरवून ठेवली. पागा खाली मांडवीच्या किनाऱ्याशी, सुरूच्या झाडांत. झुबेरचे चार-पाच घोडे संध्याकाळी पोरांना वाळूत फेरी मारून आणत, त्यांच्यातच बेगमही उभी असे. गनी रोज सकाळ-संध्याकाळ उतरून जायचा. शेजारची मालन फाटकातून विचारायची, "काय गनीभाय, लेक हॉस्टेलात रुळली काय?"

मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात पागेचे पत्रे उडाले. पत्रे बसेपर्यंत बेगमला घरी आणावं लागलं. आसिया म्हणाली, "चार दिवस. पाचव्या दिवशी ती तरी ऱ्हाईल, नायतर मी तरी." गनीने गोठ्यातला पसारा काढला, माझ्या गळ्यातली दोरी सोडली आणि बेगमचा दोर बांधला. मित्रांनो, तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि मान अशी की आमच्या गोठ्याचं छप्पर मला पहिल्यांदाच ठेंगणं वाटलं. इतक्या वर्षांनी माझ्यावर पुन्हा वजन आलं. मी ताठ झालो. ताठ तसा आधीपासूनच होतो, पण आतून झालो.

पहिल्याच दुपारी गोंधळ उडाला. गनी बाजारात गेला होता. आसिया लांबून घोडीकडे बघत होती. बघता बघता जवळ आली, आणि मग धावत फाटकाशी गेली.

"मालन गो! वायच ये इकडं. घोडी सकाळधरनं खातेय, पन रवंथ नाय करत!"

मालनचाही जन्म गुरांत गेलेला. ती आली, तिने बेगमच्या जबड्याकडे टक लावून पाहिलं आणि गंभीर झाली. "बंद पडलाय रवंथ. पोट धरलंन असणार." दोघींनी ओवा आणि गुळाचा काढा केला. बेगमने तो पातेलं चाटून संपवला आणि आणखी आहे का म्हणून आसियाच्या पदराला नाक लावलं. "बघ, लगेच गुण आला," मालन म्हणाली.

गनी आला तेव्हा दोघी चिंतातुर चेहऱ्याने बसल्या होत्या.

"हिचा रवंथ बंद झालाय," आसिया म्हणाली. "कधीपासनं बंद हाय काय म्हाईत."

"दुनिया झाली तवापासनं," गनी म्हणाला. "अगो, घोडा रवंथ करत नाय."

मालन उठली आणि कैऱ्या वाळत घातल्याची आठवण होऊन घरी गेली. आसिया मात्र थांबली. तिने बेगमच्या गळ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मग खाल्लेला एकदाच चावते? बिचारी." त्या क्षणी मला कळलं, की चार दिवसांचं काही खरं नाही.

पाचव्या दिवशी झुबेर आला. "गनीचाचा, पत्रे बसले. चला, घोडी नेऊ."

"कशाला?" आसिया स्वयंपाकघरातून म्हणाली. "हितं काय कमी हाय तिला?"

तेव्हापासून घरात दुसरा विषय उरला नाही. घोडी घरी ठेवायची की पागेत? गंमत बघा, घोडी नको म्हणणारी आसिया आता घरी ठेवा म्हणत होती, आणि घोडीसाठी जन्म काढलेला गनी पागेत ठेवू म्हणत होता. "घोडा कळपातला जनावर हाय, आसिया. एकटा नाय ऱ्हात. संगत लागते."

आसिया तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तुमी तिकडं होता तेवढी वर्षं मी हितं एकटीच होते. तवा कोण नाय बोलला, संगत लागते म्हनून."

त्यानंतर पागेचं नाव गनीने काढलं नाही.

पण मनातून त्याचं ठरत नव्हतं. रोज अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर तो गोठ्यात यायचा, बेगमला खरारा करायचा आणि जाताना मला दोन्ही हातांनी धरून हलवायचा. "घट्ट हाय. ऱ्हाईल ही हितं," असं स्वतःशीच पुटपुटायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका, पुन्हा हलवणं. खुंटा हलवून बळकट करावा, असं तुम्ही माणसं म्हणता. मित्रांनो, ही म्हण ज्याने काढली त्याने एखाद्या खुंट्याला विचारून काढलेली नाही. मातीत ते खरं असेल. जांभ्यात खुंटा हलवला की भोवतीच्या कपच्या भुगा होतात. मला कळत होतं, पण मी सांगणार कसा? आणि खरं सांगायचं तर सांगितलंही नसतं. अभिमान नावाचं एक प्रकरण असतं.

मीही आसियाच्याच बाजूचा होतो. घोडी गेली की माझ्या गळ्यात पुन्हा दुपट्टे. शिवाय आसियाला ओटीवर बसून बेगमशी बोलताना मी ऐकायचो. नबीलाचा फोन आला नाही, भाजी किडकी निघाली, सगळं सांगायची. बेगम ऐकायचीही. पण वारा समुद्राकडून सुटला की तिचे कान फिरायचे. खालून, पार किनाऱ्यावरून, एखादं खिंकाळणं यायचं. बेगम उत्तर द्यायची आणि मग बराच वेळ वैरणीला तोंड लावायची नाही. आसिया म्हणायची, "वैरण आवडली नाय वाटतं." मला माहीत होतं वैरणीचा दोष नव्हता. पण मीही गप्प राहिलो.

त्या शुक्रवारी गनी जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. रस्ता सुनसान. खाली झुबेरचे घोडे समुद्रात धुवायला उतरले असावेत, कारण एकापाठोपाठ तीन खिंकाळ्या आल्या. बेगमने मान उंचावली, मागचे पाय रोवले आणि ओढलं. मी धरलं. बारक्याच्या वेळी धरलं होतं तसंच धरलं. पण भोवती भुग्याशिवाय धरायला काही उरलंच नव्हतं.

मी उपटला गेलो, असं लोक म्हणतात. मी एवढंच सांगतो, की दोर माझ्या गळ्यातच होता. मी तिला सोडलं नाही. मी तिच्याबरोबर गेलो.

"आसिया गो! तुजी घोडी चालली!" मालन ओरडली. "खुंट्यासकट!"

चाळीस वर्षं एका जागी काढलेल्याने एका दुपारी चढण, वळण, नारळवाल्याची गाडी आणि मांडवीचा रस्ता, सगळं पाहिलं. तेही उड्या मारत. एका माणसाने व्हिडिओ काढला. त्यात घोडी दिसते, मागे धावणारी आसिया दिसते, पायात एकच चप्पल. मी दिसत नाही. प्रसिद्धीचं असंच असतं.

बेगम धावली नाही, चालली. वाट पाठ असलेल्या जनावरासारखी चालली. सुरूच्या झाडांत शिरली, ओल्या अंगाने परतलेल्या झुबेरच्या म्हाताऱ्या करड्या घोड्यापाशी गेली आणि त्याच्या मानेवर आपली मान टाकून उभी राहिली. मग तिने असा सुस्कारा सोडला, जसा आमच्या गोठ्यात एकदाही सोडला नव्हता.

आसिया धापा टाकत पोचली. ओरडायचं ठरवून आली होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण तिने त्या दोन माना पाहिल्या आणि तिथेच, काळ्या वाळूत, बसली. मशिदीतून गनी धावत आला तेव्हाही ती बसलेलीच होती. तो शेजारी बसला.

आसिया म्हणाली, "ऱ्हाऊ दे हितंच."

"आणि तू?"

"मी काय? मी येईन की रोज. तुमी येता तवा मला पन घेऊन या. एकटेच काय येता?"

झुबेरने दोर सोडून मला बाजूला टाकायला उचललं. त्याच्या पागेत घोडे आडव्या बांबूला बांधतात. आसिया उठली. "टाकू नको. हा घरचा हाय. हिला ह्यालाच बांध."

"चाची, वाळूत खुंटा धरत नाय."

"हा धरतो," आसिया म्हणाली.

तर मित्रांनो, आता मी इथे उभा आहे. रोज संध्याकाळी गनी आणि आसिया चढण उतरून येतात. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांना बरोबर चालताना मी पहिल्यांदाच पाहतो आहे. येताना ती गूळ आणते, आणि रवंथ न करणाऱ्या बेगमला तो नीट चावून खायला सांगते. मालन एकदा फिरायला आली होती. म्हणाली, "आता तुमीच राव्हा हॉस्टेलात!"

झुबेर म्हणाला ते खोटं नव्हतं. वाळूत मला शेंबडं पोरसुद्धा एका हाताने उपटेल. पण जांभ्यातून मला उपसून काढणारी बेगम इथे माझ्या जवळ उभी असते, करड्याच्या मानेवर मान टाकून, आणि तिचा दोर कायम सैल असतो. बारक्याचा हिसका पेलला तो पराक्रम मी आता कुणाला सांगत नाही. हा सांगतो.

तुम्हीही कुत्रं, मांजर, पोपट, कुणालातरी घरी आणाल. त्याला बांधायची जागा शोधण्याआधी ते कान कुठे फिरवतं तेवढं पाहा. आणि कधी मांडवीला आलात तर या, ओळख देईन. फक्त मला हलवून बघू नका.