खडखडाटातली परीक्षा

शेलार गावात आमच्या घराची आणि शेजारच्या दामूकाकाच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडची भिंत एकच. मी पाढे पाठ केले ते त्या भिंतीला टेकून. लूम चालू असले की मांडणीतली ताटं थरथरायची आणि आय ओरडून बोलायची. त्यामुळे आमच्याकडे लाड कुठले आणि भांडण कुठलं, हे पाहुण्यांना कधी कळलंच नाही. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून आमच्या अभ्यासालाही सुट्टी. एरवी लूम थांबले की घर दचकून जागं व्हायचं. लाईट गेली असेल, नाहीतर कोणीतरी गेलं असेल.

आता चौतिशीत मी त्याच भिंतीला टेकून ऑनलाइन कोडिंग शिकत होते. राहनाळच्या गोदामात खोक्यांवर स्टिकर चिकटवून कंबर गेली, आणि आता त्या कामालाही मशीन येतंय म्हणे. कोर्सची परीक्षा पास झाले तर ठाण्यात नोकरी पक्की होती.

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. शांतता हवी म्हणून शुक्रवार निवडला. कॅमेऱ्यासमोर बसले आणि डोकं ठप्प. पाठीमागे खडखडाट नव्हता, तर झोपेतही लिहिलं असतं ते सुचेना. सरळ नापास. दुसरी संधी शेवटची होती, आणि तिच्या आधीच दामूकाकाने लूम भंगारात विकले. शेड बंद झाली, तशी आयचीही झोप उडाली.

मी तणतणत काकाकडे गेले. "काका, विकायच्या आधी सांगायचं तरी."

"तुला कशाला विचारू? तू सूत देतेस का मला?" काका म्हणाला. "धंदा न्हाय राहिला, पोरी. बुधवारी सकाळी टेम्पो येतोय लूम न्यायला."

माझी परीक्षा बुधवारी दुपारी. सांगता सांगता मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

काकाने बंद शेडकडे पाहिलं. "आवाज चालतो का तुझ्या परीक्षेला?"

"माणसाचा न्हाय चालत. मशीनचा चालतो. मी विचारलंय."

बुधवारी टेम्पो आला, तो काकाने रिकामाच परत पाठवला. दुपारी मी लॉगिन केलं, तसे भिंतीपलीकडे एकेक करून चारही लूम सुरू झाले. ते कापड कोणी घेणार नव्हतं. तरी काकाने उरलंसुरलं सूत चढवलं होतं.

ताटं थरथरली. पाठीला तो जुना हादरा बसला आणि बोटं चालायला लागली. मी पुन्हा नववीत होते, आय चुलीशी होती, बाबा शिफ्टवरून यायचे होते. मी फार सुखात होते, खोटं कशाला बोलू. आतल्या खोलीत आय परत गाढ झोपली होती.

शेवटचं उत्तर पाठवलं. थोड्या वेळाने पडद्यावर 'पास' आलं. ठरल्याप्रमाणे मी भिंतीवर थाप मारली. पलीकडे लूम एकेक करून थांबले.

आय दचकून उठून बसली. "काय झालं गं? कोण गेलं?"

"कोण न्हाय, आय. पास झाले मी," मी सवयीने ओरडूनच म्हणाले. आता ओरडायची गरज उरली नव्हती.