शिळं गाऱ्हाणं

भिकाजी सावंतांचा आवाज गेला, तेव्हा घरच्यांपेक्षा गाववाल्यांनाच जास्त चुटपुट लागली, आणि त्यात नवल काही नव्हतं. घरच्यांना त्या आवाजाने जन्मभर दरडावलंच होतं. गाववाल्यांना मात्र तो वर्षातून एकदाच ऐकायला मिळायचा, मुंबईतल्या मंडळाच्या सत्यनारायणाला. कांजूरमार्गच्या हॉलमध्ये पूजा आटपली की भिकाजी देवापुढे नारळ ठेवायचे आणि सगळ्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे. एकेक वाक्य ते देवाच्या कानावर घालणार, आणि प्रत्येक वाक्यामागे अख्खा हॉल 'व्हय म्हाराजा' म्हणणार. माईकची गरज त्यांना कधी पडली नाही. गिरणीतल्या खडखडाटावर चढवून कमावलेला गळा होता तो. तोच गळा तंबाखूने खाल्ला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं.

गाऱ्हाण्याचा मान सावंतांच्या थोरल्या घराचा. गेल्या वर्षी भिकाजी हॉस्पिटलात होते, म्हणून त्यांच्या चुलतभावाने, धाकूने, 'ह्या वर्सापुरता' म्हणून वेळ निभावून नेली. या वर्षीही भिकाजींना जमलं नाही, तर मान धाकूकडे जाणार होता. एकदा गेलेला मान आपल्या लोकांत परत येत नाही, हे अक्षताला कोणी समजावून सांगायला नको होतं. ती भिकाजींची एकुलती एक मुलगी. विम्याच्या कंपनीत फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची नोकरी करणारी.

ऑपरेशनच्या आधी तिच्या मैत्रिणीने, नमिताने, बाबांचा आवाज भरून घेतला होता. नमिता इंजिनिअर. तिने त्या आवाजावरून एक प्रोग्राम बनवला, की टाइप केलेलं बाबांच्याच आवाजात ऐकू यावं. पण तो अक्षताच्या लॅपटॉपवर चालेना, त्याला वेगळ्या जातीचं कॉम्प्युटर लागत होतं. मग टोरांटोला जायच्या आधी नमिताने लॅपटॉपच्या पोटातच दुसरं कॉम्प्युटर मांडून दिलं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. खरं म्हणजे पोटभाडेकरूच. जागा मालकाची, वीज मालकाची, पण बिऱ्हाड वेगळं. बाबांनी एका खिडकीत ओळ टाइप करून एंटर दाबलं की ती आतल्या भाडेकरूकडे जायची, तो तिचा आवाज करून परत पाठवायचा आणि स्पीकरमधून बाबा बोलायचे.

पहिल्यांदा ते चालू झालं, त्या दिवशी बाबा एका बोटाने बराच वेळ काहीतरी बडवत बसले, आणि मुलुंडचं ते घर घुमलं.

"सगुणा, चाय टाक!"

"टाकतंय ओ," आई सवयीने आतून म्हणाली. मग गॅस न पेटवताच बाहेर येऊन दारात उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

पूजेचा दिवस जवळ आला तशी अक्षता म्हणाली, "बाबा, गाऱ्हाणं आधीच बोलवून मोबाईलमध्ये भरून ठेवूया का? तिथे नुसतं लावायचं. टेन्शन नाही."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू ती देवाला कालचा नैवेद्य दाखवायला सांगत होती. बोट चालू लागलं.

"देवासमोर शिळां बोलूचां नाय," लॅपटॉप गरजला.

विषय संपला. बाबा हॉलमध्येच ओळीओळीने टाइप करणार होते. लोकांना ओ देता यावी म्हणून नमिताने सांगितलेल्या पद्धतीने अक्षताने प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीनंतर काही सेकंदांची जागा सोडून ठेवली. घरी दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा झकास चाललं. हॉलमध्ये ते चालणार नाही असं तिच्या मनातही आलं नाही.

पूजेच्या दिवशी आरती झाली, भटजींनी दक्षिणा घेतली आणि बाबा पुढे झाले. धुतलेलं धोतर, गळ्यावरच्या भोकावर आईने शिवलेला पांढरा रुमाल. त्यांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि स्टुलावर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर बसले. हॉल इतका शांत झाला की पंख्यांची कुरकुर ऐकू येऊ लागली. बाबांचं बोट चाललं. एंटर.

काही नाही.

त्यांनी दुसरी ओळ टाइप केली. एंटर. एरवी बोलून झालेली ओळ खिडकीतून पुसली जायची. आज पहिली तशीच राहिली आणि दुसरी तिच्याखाली जाऊन बसली.

अक्षता धावली. "एक मिनिट हां," असं ती सगळ्यांना हसत म्हणाली आणि लॅपटॉपवर वाकली. आतलं कॉम्प्युटर तर चालू होतं. तिने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून त्याला पिंग केलं. पिंग म्हणजे साधी हाक. पोचली तर लगेच ओ येते. इथे एकाखाली एक तीच ओळ उमटत राहिली: उत्तर नाही, वेळ संपली. तिने आतून बाहेर हाक मारून बघितली. तिकडूनही तेच. सेटिंगमध्ये आतल्या कॉम्प्युटरची केबल जोडल्याची खूण जागेवर होती. आतलं कॉम्प्युटर तिने बंद करून परत चालू केलं. पुन्हा हाक, पुन्हा तेच. नमिताला फोन लावला तर तिकडे अजून उजाडलं नव्हतं, रिंग वाजून वाजून बंद झाली.

अशा वेळी आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो.

"ब्लूटूथ ऑन आहे ना गं?" मंडळाचा चिटणीस देवेश म्हणाला. "माझं पण सेम होतं यार. थांब, माझा हॉटस्पॉट घे."

हॉटस्पॉट घेतला. लॅपटॉपला नेट आलं, आतला मात्र ढिम्म. कोणी म्हणालं चार्जिंग बघ, कोणी म्हणालं स्पीकरच गेलाय. मागच्या रांगेतून कोणीतरी, आवाज खाली ठेवायची तसदी न घेता, म्हणालं की देवाच्या कामात मशीन कशाला आणायची. ते तिच्या वर्मी लागलं. तिचा हात कीबोर्डवरून निघाला की बाबा मान खाली घालून पुढची ओळ टाइप करत होते. जणू ओळी पुरेशा साठल्या की आवाज आपोआप फुटेल.

"अक्षता, संध्याकाळी इथे कोणाची तरी हळद आहे," देवेश कानाशी येऊन म्हणाला. "हॉल खाली करायचाय गं."

"दोन मिनिटं दे ना रे. प्लीज."

तेवढ्यात धाकूकाका उठला. वाईट माणूस नव्हता तो. आवाज तेवढा रिक्षाच्या हॉर्नसारखा होता, पण त्याला तो तरी काय करणार? भावाच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली वाकला.

"भिकाजी, मी घालू काय? तू नारळाक हात लावून बस. मान तुझोच."

बाबांनी अक्षताकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. ते फक्त विचारत होते, होतंय का गो? तिने मान हलवली. नाही.

बाबांनी नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि धाकूच्या ओंजळीत दिला. नुसता हात लावून बसणं त्यांना मान्य नव्हतं. सगळ्या हॉलने ते बघितलं, आणि मान गेला तो तेव्हाच गेला.

"बा देवा म्हाराजा!" धाकूने सुरुवात केली. "आज तुझी लेकरां हयसर जमली हत..."

"व्हय म्हाराजा!" हॉल म्हणाला.

अक्षता खांबाआड जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडू आवरेना. एकदा वळून बघितलं तर सगळे देवाकडे हात जोडून उभे, आणि बाबा एकटे त्या मुक्या लॅपटॉपवर बोट चालवत होते. ओळ झाली की एंटर. पुन्हा ओळ, पुन्हा एंटर. आता कशाला, बाबा, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. ती परत भिंतीकडे वळली.

नमिताचा फोन आला तेव्हा रिक्षा एलबीएस रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. आईबाबा दोन्ही बाजूंना, अक्षता मधे, मांडीवर तो मेला लॅपटॉप.

"अगं, बाहेर कसं चालेल ते?" नमिता स्पीकरवरून म्हणाली. "ते दोघं तुमच्या राउटरमधून बोलतात. चपलांच्या कपाटावर आहे ना, त्यातून."

"एकाच लॅपटॉपमध्ये आहेत ना गं दोघं?"

"असू देत ना. मीच तसं लावून दिलं होतं, तेव्हा सोपं पडलं म्हणून. आणि हॉटस्पॉटवर आतल्याचा पत्ता बदलला असणार, तुमची खिडकी जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसली. होस्ट-ओन्ली करायला हवं होतं. मग मधे कोणी लागत नाही. दोन क्लिकचं काम गं. तू घरचं वायफाय बंद करून एकदा बघितलं नव्हतंस?"

नव्हतं बघितलं. मालक आणि पोटभाडेकरू एकाच खोलीत राहत होते, पण निरोप द्यायचे ते शेजारणीच्या हाती. शेजारीण घरी राहिली आणि दोघं मुके झाले. एवढी साधी गोष्ट. बाबांच्या जन्मभराच्या मानापेक्षा वायफायचं बटण दाबून बघणं तिला जड झालं होतं का? अक्षताला स्वतःची शिसारी आली. बाबा बाहेर बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण तिच्याकडे वळले नाहीत.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. ते दोन क्लिक आत्ताच्या आत्ता करून टाकायचे, निदान पुढच्या वर्षासाठी तरी, एवढंच तिच्या डोक्यात होतं. बाबा खुर्चीत बसले. आई दिवा लावायला आत गेली.

लॅपटॉप जागा झाला. घरचं वायफाय त्याचं त्याने जोडलं. अक्षताने माऊसला हात लावायच्या आत आवाज फुटला.

"बा देवा म्हाराजा!"

भरदार, हॉल हलवणारा आवाज. हॉलमध्ये साठलेल्या ओळी आता निघाल्या होत्या. ओळ झाली आणि लोकांसाठी सोडलेली ती जागा आली. कोणी नव्हतं. खाली सोसायटीचा पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच काय तो आवाज.

"जो काय मोडको-तोडको मान केलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

आई आतून हात जोडूनच बाहेर आली. "व्हय म्हाराजा," ती हळूच म्हणाली.

"कोणाच्या पोराक नोकरी नाय, कोणाच्या दारात आजार उभो आसा, ता सगळा दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." या वेळी अक्षताही म्हणाली.

मग ते गाऱ्हाणं मधेच थांबलं. रिकामी जागा गेली आणि तोच आवाज पुन्हा आला, पण आता देवाला सांगणारा नव्हे.

"व्हय म्हाराजा."

आईने अक्षताकडे बघितलं.

"व्हय म्हाराजा," बाबांचा आवाज म्हणाला. थोडी जागा. "व्हय म्हाराजा."

तेव्हा अक्षताला कळलं. ती खांबाआड रडत होती आणि बाबा धाकूच्या प्रत्येक वाक्याला ओ देत होते. चालत नाही हे ठाऊक असलेल्या मशीनवर, एका बोटाने, अक्षर न् अक्षर. हॉलमध्ये सगळ्यांची ओ देवापर्यंत पोचली, त्यांची तेवढी पोचली नव्हती. तिने ते थांबवायला हात पुढे केला. बाबांनी तो धरून ठेवला.

ओळी संपेपर्यंत तिघं ऐकत राहिले. शेवटचं 'व्हय म्हाराजा' झालं आणि खिडकी रिकामी झाली.

"बाबा," अक्षता कशीबशी म्हणाली, "आता मी नीट करते. पुढच्या वर्षी..."

बाबांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. बोट सावकाश चाललं.

"बंद कर गो," त्यांचा आवाज म्हणाला. "शिळां झालां ता."

अक्षताने लॅपटॉप बंद केला.