महाराजांची सुरगाठ

वडवणीच्या आठवडी बाजारात हल्ली मिरच्यांच्या ढिगापेक्षा जास्त गर्दी रामप्रसाद महाराजांपुढे असते. माझं मेडिकल समोरच, त्यामुळे चमत्कार मला फुकटात आणि सावलीत बसून दिसतात. महाराज गाठी सोडतात. मानेवरची, पोटातली, छातीतली. त्यांच्याकडे भेदभाव नाही.

"गाठ बांधली कुनी? करनीनं! गाठ सोडली कुनी? गुरूनं! ना सुई, ना सुरी, ना दवाखान्याची पायरी!"

बाईनं लाल दोरा दुखण्यावरून फिरवून द्यायचा. महाराज त्याला गाठ मारणार, एक टोक बाईच्या मुठीत देणार आणि मंत्र पुटपुटत दुसरं ओढणार. दोरा सरळ! "गाठ सुटली, माय!" दोऱ्यातली गाठ आणि छातीतली गाठ, दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच. महाराजांचं सगळं भांडवल तेवढंच.

त्या दिवशी रांगेत तेलगावच्या बायनाबाई होत्या. वय पंचावन्न, गोठ्यात दोन गाई, चार शेळ्या आणि डाव्या स्तनात चार महिन्यांपासून गाठ. मला हे कळलं ते त्यांची भाची सायली दुकानात तणतणत आली तेव्हा. सायली डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

"संगमेशकाका, आत्या ऐकंना! तुमी तरी सांगा."

माझी मान खाली गेली. दोन महिन्यांपूर्वी बायनाबाई "गाठीचं मलम" मागायला आल्या होत्या. गाठ कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाईमाणसाला कसं विचारायचं! मलम दिलं. महाराजांना हसणारा मी, माझी श्रद्धा ट्यूबमध्ये भरलेली, एवढाच फरक.

आम्ही दोघं रांगेकडे गेलो. सायलीनं पुस्तकच उघडलं. स्तनाच्या कॅन्सरचा धोका कशानं वाढतो ते सांगू लागली: वाढतं वय, पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा पहिलं उशिरा होणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, घरात कुणाला असणं...

"म्हंजी बाई असनं हाच रोग म्हन की," बायनाबाई म्हणाल्या.

"आत्या, मोठी आत्या छातीच्या गाठीनंच गेली ना?"

"तिची लई ठनकायची. माझी दुखत बी न्हाई. कावून घाबरवती गं?"

"दुखत न्हाई म्हणूनच भ्या वाटतंय मला! सुरुवातीला बहुतेक दुखतच न्हाई. तिची दुखायला लागली तवा उशीर झालता."

तेवढ्यात बायनाबाईंचा नंबर आला. महाराजांनी गाठ मारली, टोक पुढे केलं. बायनाबाईंनी ते धरलं, गाठीकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"महाराज, ही तर सुरगाठ हाय."

"मंत्राची गाठ हाय, माय."

"शेळी बांधतीया मी हिनं रोज. आपल्याकडलं टोक वढलं की सुटती. आना इकडं." त्यांनी दोरा घेतला, दोन वेढे देऊन दातांनी आवळला. "ही निरगाठ. आता सोडा."

महाराजांनी मंत्र म्हटला, ओढलं. गाठ आणखी घट्ट झाली. दुसऱ्यांदा ओढलं. दोरा बोटात रुतला.

"तुझी श्रद्धा कमी पडती!"

"मंत्र तुमचा, वढताव तुमी, अन् श्रद्धा माझी कमी?"

बाजार खदखदून हसला. मीही हसलो. मग मागून रांगेतल्या वनमालाचा आवाज आला. दिवाळीनंतर तिची छातीतली गाठ महाराजांनी "सोडली" होती. तिचा हात पदराखाली गेला होता.

"माझी हाय तितंच," ती म्हणाली. "वाढलीया."

मग कुणी हसलं नाही. महाराजांनी दोरे गोळा केले आणि धारूरची बस धरली.

दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन आम्ही बीडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, स्तनाचा फोटो आणि सोनोग्राफी केली, मग सुई काढली.

"सुई लागली की पसरतं म्हंत्यात," बायनाबाई दचकल्या.

"पसरत नाही. सुईनं गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार कसं?"

"म्हंजी सुरगाठ का निरगाठ, ते बघायचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "अगदी तेच."

आठवड्यानं कळलं, दोन्ही निरगाठीच. कॅन्सर. मग रोगाची पायरी, म्हणजे स्टेज, ठरली: गाठ केवढी, काखेत पोचली का, पुढे हाडांत, फुप्फुसात गेली का. बायनाबाईंची तीन सेंटिमीटर, काखेत एक लहान गाठ. दुसरी पायरी. ऑपरेशन, औषधं, आणि बरं होण्याची चांगली आशा. वनमालाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, काखेतल्या गाठी एकमेकींना चिकटलेल्या. तिसरी. उपचार तिलाही आहेत, पण वाट लांबची आहे. ती फक्त एकदा म्हणाली, "दिवाळीनंतरच हितं आले असते तर?" सायलीनं तिचा हात धरला.

आता माझ्या दुकानात मलम मागणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारतो, गाठ कुठं आहे? काही लाजतात, एकीनं शिव्याही दिल्या. खुशाल द्या. पण बायांनो, स्तनात गाठ लागली, ती दुखो न दुखो, आधी दवाखान्याची पायरी चढा. नाहीतर रोग त्याच्या पायऱ्या चढत राहतो, आणि तो कुणाच्या मंत्रासाठी थांबत नाही.