टोपावरचे नाव

मी एक टोप बोलतो आहे; जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, दोघांनी कानाला धरून उचलावा लागणारा, लग्नाच्या भाताचा. माझी हकिगत सांगण्यापूर्वी तिचे कूळ सांगितले पाहिजे. तळ्याकडे भांडी मागण्याची कथा कोकणात गावोगाव सांगतात. कुठे तळे असते, कुठे डोह, कुठे कड्यातली गुहा. कार्य निघालेल्या घरचे माणूस तिन्हीसांजेला नारळ ठेवून मागणे करते आणि सकाळी काठावर भांडी मांडलेली असतात. मग कुणी पळी लपवतो. दुसऱ्या पाठात विहीण वाटी ठेवून घेते. आणखी एकात भांडी खरकटीच परत जातात. त्या दिवसापासून भांडी येईनाशी होतात. पाठ कितीही बदलले तरी एक गोष्ट ढळत नाही: देणारा निर्मळ आणि घेणारा खोटा. देवळाच्या पडवीत राहून मी ही कथा अनेक तोंडांनी ऐकली. मी ज्या पाठात आहे, तो मात्र कुणी सांगत नाही.

माणसे भांड्यावर नाव घालतात ते भांडे शेजारी गेले तर ओळखून परत यावे म्हणून. माझ्या पोटावर ‘शुभ्रदा साबणाची सप्रेम भेट’ अशी अक्षरे कोरली, ती मी परत यावे म्हणून नव्हेत. गावाने दुसरीकडे जाऊ नये म्हणून.

शुभ्रदाचा कारखाना चौऱ्याऐंशी साली पूर्णगडाकडच्या एका खाडीवर, आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला उभा राहिला. वर्षभरात आम्हा टोपांची जोडी देवळात आली. धाकू गुरवाने गाऱ्हाणे घातले. गावाचे मागणे देवापुढे मोठ्याने मांडायचे आणि जमावाने त्याला होकार भरायचा, ही तिथली रीत.

“बा म्हाराजा, ज्या कंपनीनं ह्यो टोप दिलान, तिची भरभराट कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

देवाच्या कानावर साबणाचे नाव घालताना कुणाची जीभ अडखळली नाही. मला तेव्हाच किळस आली. पण टोपाला तोंड असते ते केवळ भरण्यासाठी.

आमची राखण दुकानदार आत्मारामकडे आली, कारण साबणही त्याच्याच दुकानात विकला जाई. तळ्याला नारळ लागे. आत्मारामला शुभ्रदाचे वेष्टन लागे. ते दाखवील त्याच्या घरच्या कार्याला टोप. पुढे वेष्टन मागावेही लागेना. बायकाच एकमेकींवर पहारा ठेवू लागल्या. तुळसाने एकदा रत्नागिरीच्या बाजारातून दुसरी वडी आणली, तर पाणवठ्यावर तिची सालटी निघाली.

“काय गो तुळसा, शुभ्रदाच्या टोपातलं जेवलीस नि अंगाला वास भलत्याचाच? खाल्ल्या मिठाला जाग की जरा!”

सगळ्या हसल्या. तुळसाने ती वडी गुरे धुवायला काढली.

मी या ‘मिठा’चा पुष्कळ विचार केला आहे. मी गावात आलो तो रिकामा. तांदूळ, पाणी, लाकडे आणि मीठही ज्याच्या त्याच्या घरचे. पण माझ्या पोटातून शिजून निघाले की ते कंपनीचे ठरे. देणगीची सारी करामत एवढीच होती.

पंगती उठल्या की मला घासायला खाडीच्या पायरीवर नेत. तिथे मी राहीला पाहत असे. राही विधवा, चिखलातल्या तिसऱ्या काढून विकायची आणि त्या शिंपल्यांवरच तिने लेक, गंगा, वाढवली होती. गंगाचे लग्न ठरले त्या वर्षी पाण्यावर पिवळसर फेस धरला. एका ओहोटीला तिने ओंजळ चिमासमोर, तिच्या शेजारणीसमोर, धरली.

“हे बघ. तोंड वासून पडल्यायत सगळ्या.”

“आत्मारामशेट म्हणतो, उन्हानं मेल्या.”

“चिखलात कसलं गो ऊन लागतंय?”

राही देवळात गेली आणि खाडीचे गाऱ्हाणे घालायला सांगू लागली. आत्मारामने तिला माझ्यासमोरच अडवले.

“ज्यानं टोप दिलान, त्याचंच नाव देवापुढं वाईट करायचं? वैशाखात गंगाचं लगीन ना, राहीवयनी? भात कशात शिजवशील?”

धाकू गुरव वाती वळत राहिला. राही पायऱ्या उतरली.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही टोप तिच्या मांडवात पोचलो. कंपनीचा साहेब येणार होता. नवरी आणि वाफाळता टोप असा फोटो कॅलेंडरावर छापायचा होता. पहाटेच्या ओहोटीला राही टोपली घेऊन खाडीत उतरली. परतल्यावर तिने टोपली माझ्यात रिती केली, पुन्हा गेली, पुन्हा रिती केली आणि झाकण लावले. मेलेल्या तिसऱ्यांच्या सडक्या मांसाचा तो लिबलिबीत थर माझ्या तळाला चिकटला. तरी सांगतो, इतकी वर्षे माझ्यात जे शिजले, त्याहून ते प्रामाणिक होते.

साहेब आला. हळद लागलेली गंगा माझ्याजवळ उभी राहिली.

“झाकण काढा, भात दिसू दे,” साहेब म्हणाला.

“तुमीच काढा,” राही म्हणाली. “देणाऱ्याच्या हातानं.”

त्याने काढले. वास मांडवभर गेला. साहेब रुमाल तोंडावर दाबत कुंपणापर्यंत धावला आणि तिथेच ओकला.

“राहीवयनी!” आत्माराम ओरडला. “खाल्ल्या मिठाला तरी जागायचं होतंस!”

“मीठ माजं व्हतं, शेट. टोप तेवडा तुमचा.”

जीप गेली. आत्मारामने दुसरा टोप गड्यांकडून उचलून नेला. कंपनीने पुढे शेजारच्या गावाला टोप दिले. साबण आमच्याही गावात खपत राहिला. माणसे आता सांगतात, राहीने टोप नासवला, म्हणून भांडी बंद झाली. म्हणजे पुन्हा घेणारीच खोटी. मी देवळामागे पालथा पडलो आहे; तो वास अजून गेलेला नाही. तुम्ही ही कथा सांगाल तेव्हा एवढे करा, शेवट गाळू नका.

चिमा घरी गेली आणि डोक्यावर आपले पातेले घेऊन आली. मग तुळसा आली. गंगाच्या लग्नाचा भात त्या दिवशी घरोघरच्या पातेल्यांत शिजला.