झबल्याचं माप

ताईच्या हाताला माप कधी चुकलं नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे दुकानातून नुसती नजर टाकून ती त्याच्या कॉलरचा नंबर सांगते. मोठ्यांसाठी तरी रीत म्हणून टेप गळ्यात असते. लहान मुलांना मात्र ती टेप लावतच नाही. काखेत हात घालून मूल क्षणभर उचलते, खाली ठेवते आणि कात्री घेते. दादा म्हणतो, "हिच्यासमोर पोट आत घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. हिला कालचं पोटही पाठ असतं."

म्हणून बेटावर तिने शिवलेलं झबलं माझ्या तान्ह्या चिऊच्या डोक्यातून खाली उतरेना, तेव्हा मला आधी हसूच आलं.

सहलीची कल्पना दादाची. तो लिफ्ट दुरुस्त करतो. आयुष्य बंद खोक्यांत गेलेलं, त्यामुळे सुट्टी म्हटली की त्याला उघड्यावर जायचं असतं. "तिघंच जाऊ," तो फोनवर म्हणाला. "नवरे नकोत, बायको नको. लहानपणी भांडायचो तसं मनसोक्त भांडू." हे कुणासाठी चाललंय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. ताईलाही कळलं असणार.

गेल्या वर्षी ताईचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. शरीराला असं काही कुणी कळवत नाही. घरी आल्यावर तिला पान्हा फुटला. आईने जुन्या सुती साडीची पट्टी फाडून तिची छाती आवळून बांधली, आणि गाठ मारताना रडली ती आईच. ताईने फक्त विचारलं, "केवढं होतं गं?" बाळ तिला कुणी दाखवलं नव्हतं. दुपट्यात गुंडाळून परस्पर नेलं होतं. आमच्यापैकी कुणीच ते दुपटं उघडलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुणाकडेच नव्हतं. गावभरच्या पोरांची मापं ठाऊक असलेल्या बाईला स्वतःच्या लेकराचं माप कळलं नाही ते नाहीच.

आणि आता माझी चिऊ, अंगावर पिणारी. तिला घेऊन ताईसमोर समुद्रकिनारी बसायचं माझ्याच्याने होईना. मी काहीतरी सबब सांगितली तर ताईचाच फोन आला. "पोरीला आणणार नसशील तर मीही घरीच बसते. बस दादाला म्हणावं एकटा, वाळूत लिफ्ट खणत."

बेटावरचं भाड्याचं घर अगदी किनाऱ्यावर होतं. वेताच्या खुर्च्या ठेवलेला व्हरांडा, त्याच्यामागे दोन खोल्या, कितीही झाडली तरी वाळू न सुटणारी मोरी. नाववाला सकाळी पाण्याचे कॅन आणि भाजी टाकून परत जायचा. मग दिवसभर आम्ही आणि माडांची सळसळ. समुद्र तिथे फार उथळ. ओहोटी लागली की पाणी इतकं लांब जायचं की नुसती एक रेघ उरायची, आणि मधे ओली, चकचकीत, सपाट वाळू. खेकड्यांची भोकं, पोवळ्याचे पांढरे तुकडे. "देवाची लिफ्ट," दादा म्हणाला. "खाली गेली. दार उघडं दिसतंय, पण आत शिरू नका, नियम माहीत आहेत ना?"

पहिल्याच दुपारी ते झालं. चिऊ पोटभर पिऊन, दोन्ही मुठी कानाशी धरून झोपली होती. मी व्हरांड्यात केस विंचरत होते. पाणी मागे मागे चाललं होतं. आणि छातीत दोन्हीकडे ती ओळखीची कळ आली, बारीक सुया टोचल्यासारखी, आणि बघता बघता कुर्ता भिजला. मूल रडलं की असं होतं. दुसऱ्याचं रडलं तरी होतं. बसमध्ये, दवाखान्यात मी ओढणी पुढे घेऊन कितीदा बसले आहे. पण तिथे कुणी रडत नव्हतं. पाणी दूर गेल्यावर तिथे लाटेचाही आवाज नसायचा.

तासाभराने चिऊ उठली आणि अंगाशी घेतली तर दोन घोट ओढून तिने तोंड बाजूला केलं, माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. काही उरलंच नव्हतं.

दुसऱ्या दुपारीही तेच. तिसऱ्याही. पाणी तळाला गेलं की माझं दूध जायचं, आणि माझी पोर उपाशी उठायची. दादाला यातलं काय सांगणार! तो आपला म्हणायचा, "छोटे, आज कितवा कुर्ता? आपण इथे समुद्र बघायला आलोय की तुझे कपडे?" मी हसायचे. आणि चिऊला मांडीवर घेऊन तिची मनगटं चाचपायची. तिथल्या वळ्या सैल पडत होत्या. माझा भ्रम म्हणून मी सोडून दिलं असतं, पण बाळाच्या मनगटाबद्दल आईला भ्रम होत नाही.

ताई त्या वेळात व्हरांड्यात शिवत बसायची. मशीन नसलं की तिची बोटं वळवळतात, म्हणून पांढऱ्या मलमलीचा तुकडा आणि सुईदोरा घेऊन आली होती. समुद्राकडे बघत टाके घालायची, कापडाकडे न बघता. ते पहिलं झबलं तिने माझ्या हातात दिलं, आणि मी म्हटलं तसं, ते चिऊच्या डोक्यातून उतरेना. बाह्यांत तर तिची दोन बोटं मावली असती.

"ताई, सुट्टीवर आलीस म्हणून हातालाही सुट्टी दिलीस का? हे बाहुलीचं झालं."

तिने झबलं माझ्याकडून काढून घेतलं, मांडीवर ठेवून सपाट केलं. "चिऊचं नाहीच ते."

"मग कुणाचं?"

तिने दोरा दातांनी तोडला. "बघू," म्हणाली. जसं गिऱ्हाईक यायचं बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक शिवलं. मी ते पहिल्यावर ठेवून पाहिलं. सगळीकडून बोटभर मोठं होतं, पण चिऊला तेही लहानच.

"हे का मोठं केलंस?"

"वाढतंय ना," ताई म्हणाली, आणि वर बघून माझ्याकडे इतकं साधं हसली, गेल्या वर्षभरात हसली नव्हती तसं, की मी दोन्ही झबली तिच्या मांडीवर परत ठेवली.

दोन्ही झबली तिने धुऊन समुद्राच्या बाजूच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. सकाळी मी चिऊची दुपटी काढायला गेले तर दुपटी कडकडीत वाळलेली आणि दोन्ही झबली ओली. चिमटे होते तसेच. धाकट्या झबल्याच्या घडीत वाळू होती. वाऱ्याने उडालेली म्हणावी तर दुपट्यांवर कणही नव्हता. मी ते झटकलं, आणि झटकताना गळ्याच्या पट्टीचा वास आला.

तो वास जिने मूल पाजलंय तिला सांगावा लागत नाही. पिऊन झाल्यावर ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतं, गळ्याच्या वळीत साचतं आणि आंबतं, तो. मी चिऊच्या गळ्यातून रोज ओल्या फडक्याने पुसते तो. खाऱ्या पाण्याच्या वासाखाली, त्या न घातलेल्या झबल्याला, माझ्या दुधाचा वास येत होता.

मी आत जाऊन दादाला हलवून उठवलं. "आपण आज निघू."

"नाववाला आत्ताच टाकून गेला सामान. आता उद्या." मग माझा चेहरा बघून तो उठून बसला. "काय झालं? चिऊला ताप?"

"चिऊ उपाशी राहते आहे, दादा. आणि ताईचं काही ठीक नाही."

त्याने थट्टा केली नाही. व्हरांड्यात वाकून बघितलं. ताई तिसरं झबलं शिवत होती, काहीतरी गुणगुणत. "ठीक तर दिसतेय," तो हळूच म्हणाला. "तेच जरा भीतीचं आहे, नाही का?" आणि म्हणाला, "उद्या पहिल्या फेरीला निघायचं. तोवर एकेकाने तिच्यापाशी बसू."

दुपारी पाळी माझी होती. चिऊ दुधावाचून रडून रडून थकली होती, तिला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला. जाग आली ती कसल्याशा नसण्यामुळे. ओहोटी पूर्ण झाली होती, बाहेर ती ओली चकाकी दिसत होती, पण छातीत कळ आली नाही. कुर्ता कोरडा. माझ्याकडे त्या दिवशी कुणी मागतच नव्हतं.

मी उठून व्हरांड्यात आले. ताईची खुर्ची रिकामी. दोरीवर चिमटे होते, झबली नव्हती.

ती खूप लांब गेली होती. सपाट वाळूवर एवढीशी दिसत होती, सरळ पाण्याच्या रेघेकडे चाललेली. चालणं सावकाश. डावा हात कोपरात वाकवलेला, उजवा त्याच्याखाली. मूल घेतल्याशिवाय बाईचे हात तसे धरले जात नाहीत.

"दादा! चिऊला घेऊन ये माझ्यामागे!" मी ओरडले आणि धावत सुटले. पोवळ्याचे तुकडे पायात घुसत होते. मागून दादा येत होता, चिऊ त्याच्या हातात पार्सलसारखी आडवी, एका हातात टॉवेल का कुणास ठाऊक, आणि ती किंचाळत होती.

मी पोचले तोवर पाणी परतायला लागलं होतं. ताईच्या गुडघ्यांशी आलं होतं. ती थांबली, वळली. तिच्या पोलक्याचा पुढचा भाग ओलाचिंब होता, आणि ते समुद्राचं पाणी नव्हतं.

"छोटे," ती म्हणाली, "मला पान्हा फुटला गं."

तिच्या कोपरात ती झबली होती, एकात एक घातलेली. रिकामी होती. मी नीट बघितलं, रिकामीच होती. पण गळा जिथे असतो तिथे कापड आत-बाहेर होत होतं, श्वासासारखं. वारा पडलेला होता.

"ताई, चल परत. पाणी चढतंय."

"एवढं आहे बघ," ती म्हणाली, आणि हात जरासे वर केले, तोलून दाखवावं तसे. "मला वाटायचं याहून लहान असेल. भुकेलं आहे. तिकडे जरा खोल जाऊन बसते, म्हणजे नीट घेईल."

मी तिचा दंड ओढला असता तर ती आली नसती. लहानपणापासून ओढून ताई कधी आलेली नाही. आणि तिला काय सांगणार होते मी, की तुझ्या हातात काही नाही? तेवढं वर्षभर सगळ्यांनी सांगून झालं होतं.

दादा धापा टाकत पोचला. मी त्याच्याकडून चिऊला घेतलं. तिचा चेहरा लालभडक झाला होता, ओठ कोरडे. मी तिला ताईसमोर धरलं.

"ताई, ही पण भुकेली आहे. माझ्याकडे काही नाही गं. थेंब नाही. चार दिवस झाले. हिला पाज ना."

ताई चिऊकडे बघत राहिली. मग हातातल्या झबल्यांकडे. पाणी मांड्यांपर्यंत आलं. चिऊच बोलत होती, घसा फाडून. मी तिच्या काखेतून हात काढून घेतले तर ती पाण्यात पडेल, एवढं मी तिला पुढे केलं. आणि ताईचे हात आपोआप उघडले, दुकानात उघडतात तसे. काखेत धरून तिने चिऊला क्षणभर तोललं.

"वाळलीय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम तिचा होता, रागावलेला. "छोटे, पोर किती वाळलीय! लक्ष कुठे होतं तुझं?"

झबली पाण्यात पडली. तरंगली नाहीत. पांढरं कापड कुणी उचलून न्यावं तसं सरळ खोल पाण्याकडे गेलं, वाहत्या पाण्याच्या उलट.

तिने चिऊला तिथेच, मांडीभर पाण्यात, छातीशी घेतलं. रडणं मधल्यामध्ये तुटलं आणि घुटक्यांचा आवाज सुरू झाला. तेव्हा दादाने, त्या सबंध किनाऱ्यावर बघायला चिटपाखरू नसताना, आम्हा दोघींकडे पाठ केली आणि दोन्ही हातांनी टॉवेल पसरून आडोसा धरला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. मग माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे पाठ म्हणजे त्याचं तोंड समुद्राकडे होतं. टॉवेलची दोन्ही टोकं थरथरत होती. "चला," तो सारखं म्हणत होता, "पाजत पाजत चाला. मागे बघू नका. चला गं बायांनो." तो शेवटपर्यंत उलटा चालत आला, टॉवेल धरून. त्याने काय पाहिलं ते मी विचारलं नाही, आणि एवढा बडबड्या माणूस, त्यानेही आजवर सांगितलेलं नाही.

आता ताई रोज दुकान दुपारी बंद करून येते आणि चिऊला पाजते. तिचं दूध टिकलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, असं क्वचित होतं. चिऊच्या मनगटांना पुन्हा वळ्या पडल्या आहेत, आणि ताई दारातून आत येताना, "कुठंय माझी चोरटी?" असं ओरडत येते. आम्ही ज्यासाठी गेलो होतो ते आम्हाला मिळालं.

आमचं शहर समुद्रापासून पुष्कळ लांब आहे. तरीही मला रोज कळ येते. वेळ एक नाही, रोज थोडी पुढे सरकते. भरती-ओहोटी सरकते तशी. मी ताईला सांगितलेलं नाही. ती चिऊला घेऊन आतल्या खोलीत असते, किंवा चिऊचा फ्रॉक बेतत असते. काल तिने बेतला तो चिऊला बराच मोठा होता.

कळ आली की मी बाथरूमचं दार लावते आणि बेसिनवर वाकते. नळ सोडत नाही. सगळी गटारं शेवटी नदीला मिळतात आणि नदी कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे पाण्यात मी एकाचं काढून दुसऱ्याला दिलं. माझं मूल होतं, मी पुन्हाही तेच करीन. पण भूक तर ताईच्या लेकराचीही खरी होती.

पांढरी धार भोकातून खाली जाते आणि पाइपातून घुटक्यांसारखा आवाज येतो. कुठल्याही बेसिनला येतो तसा आवाज. तो थांबेपर्यंत मी उभी राहते. मग बेसिनच्या थंड काठावर तळहाताने हलकेच थोपटते, ढेकर येईपर्यंत थोपटतात तसं, आणि तोंड धुऊन बाहेर येते.